बांधावरचं काम

मये, डिचोली
चवथीनंतरचा रविवार

चि. बाय,


माटोळी बांधण्याच्या गडबडीत तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. खुल्या (ओपन सोर्स) प्रोग्राममधली चूक तू आठ दिवस खपून शोधलीस, आणि दुरुस्ती मूळ प्रकल्पाला पाठवते म्हटल्यावर साहेबांनी विचारलं, आपला पगारी वेळ फुकट का वाटायचा? तू हिरमुसलीस. पण प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर दे.

परोपकाराची भाषा काढू नकोस, हिशोब मांड. दुरुस्ती घरात ठेवली तर मूळ प्रोग्रामची नवी आवृत्ती येईल तेव्हा ती पुन्हा बसवायची, पुन्हा तपासायची. तू नोकरी सोडलीस की ती कुठे आहे हेही कोणाला कळणार नाही. मूळ प्रोग्राममध्ये गेली की तिची राखण सगळे मिळून करतात.

आजोबा खाजनाच्या बांधावर चिखल टाकायला जात, ते तू पाहिलं नाहीस. बांध कोणाच्याही शेतापाशी फुटो, खारं पाणी आत शिरलं की सगळ्यांचं भात जायचं, म्हणून घरटी माणूस जायचा. संगणकांच्या जगात २०१४ च्या एप्रिलमध्ये हेच झालं. जगभरच्या संकेतस्थळांचे व्यवहार ज्या ओपनएसएसएल या खुल्या प्रोग्रामच्या भरवशावर चालत, त्यातली हार्टब्लीड ही चूक दोन वर्षं कोणाच्या नजरेत आली नव्हती. राखणारे मूठभर होते. त्यानंतर गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत असल्या प्रकल्पांसाठी पैसे घातले. बांध फुटल्यावर घातले, याचं मला वाईट वाटतं.

लांबचं कशाला, लिनक्सवर तू वाचतेस ते लोहित देवनागरी अक्षर (फॉन्ट) रेड हॅट या लिनक्स कंपनीने खुलं केलेलं, आणि कंपनीच्या पुण्यातल्या माणसांनी ते वर्षानुवर्षं निगुतीनं सांभाळलं. आपली प्रणाली भारतीय भाषांत नीट दिसल्याशिवाय इथे खपणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. फायदा त्यांचा झाला, अक्षर आपल्या सगळ्यांना मिळालं. मुंबईच्या फ्रापे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही हिशोब आणि मालसाठा सांभाळणारी प्रणाली कोणीही घ्यावी, बदलावी. कंपनी पैसे कमावते ते ती सर्व्हरवर चालवून देण्याचे आणि मदतीचे. झेरोधा या शेअरदलाली कंपनीने तर २०२४ मध्ये खुल्या प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, कारण तिचा धंदा त्यांच्यावरच उभा आहे.

मात्र सगळंच वाटू नये. ग्राहकांची माहिती आणि कंपनीचं खास कसब आत राहू दे. साहेबांची परवानगी लेखी घे, परवाना स्वतः वाच, पासवर्ड चुकून गेला नाही ना ते दोनदा बघ. दुरुस्तीबरोबर चाचणी जोड. मूळ प्रकल्पाच्या लोकांनी बदल सुचवले तर राग धरू नकोस. तो बांध ते तुझ्याआधीपासून राखताहेत.

परवानगी मिळाली की मला फोन कर. दुरुस्ती पाठवण्याआधी आपण दोघं ती एकदा ओळीनं वाचू.

तुझा,
मामा