युवक शिबिर आणि नेतृत्वाचे शिक्षण

आपल्या समाजात सभा-संमेलनांना तोटा नाही. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, वर्षावास, धम्मचक्र प्रवर्तन दिन अशा प्रत्येक प्रसंगी वक्ते पोटतिडकीने सांगतात की तरुणांनी आता पुढे आले पाहिजे. पण पुढे येणे शिकवायचे कसे, याचा विचार क्वचितच होतो. आपण तरुणांच्या हाती देतो ते सतरंज्या अंथरण्याचे आणि खुर्च्या लावण्याचे काम. निर्णय मात्र आपण वडीलधारेच घेतो. असेच चालू राहिले, तर उद्या संस्थेची सूत्रे सोपवायची कोणाकडे?

या दृष्टीने बालवीर म्हणजेच स्काउट चळवळीची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बेडन पॉवेल या सेनाधिकाऱ्याने सुमारे २० मुलांचे शिबिर घेतले. त्यात धनिकांच्या शाळांतील मुले होती, तशीच कष्टकऱ्यांच्या घरांतीलही होती. त्याने मुलांच्या चार तुकड्या पाडल्या, प्रत्येक तुकडीवर मुलांपैकीच एक नायक नेमला आणि तुकडीची जबाबदारी त्याच्यावर सोपवली. पुढे १९१९ साली लंडनजवळच्या गिलवेल पार्क येथे प्रौढ मार्गदर्शकांचे शिक्षण सुरू झाले. तेथे मोठ्या माणसांनाही तुकडीत राहूनच शिकावे लागे.

ही चळवळ निर्दोष होती असे नाही. आपल्या देशात ती १९०९ च्या सुमारास आली, तेव्हा तिचे दार भारतीय मुलांना बंद होते. भारतीयांना स्वतःच्या संघटना काढाव्या लागल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स अँड गाईड्स' ही एकत्रित संस्था स्थापन झाली. म्हणून कालामांना तथागतांनी सांगितल्याप्रमाणे, कोणी सांगितले एवढ्यावर न विसंबता, कसोटीला उतरेल तेवढेच आपण घ्यावे.

तसे पाहिले तर विश्वास टाकून माणूस घडवण्याची रीत आपल्याला परकी नाही. इसिपतन येथील पहिल्या वर्षावासानंतर भगवान बुद्धांनी ६० भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी चारी दिशांना पाठवले, आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगितले. प्रत्येकाला आपापल्या बळावर उभे राहावे लागले. वज्जींच्या अभ्युदयाची कारणे सांगताना त्यांनी वारंवार एकत्र जमणे आणि एकोप्याने कार्य करणे यांना अग्रस्थान दिले. परिनिर्वाणापूर्वी त्यांनी कोणालाही वारस नेमले नाही. धम्म आणि विनय हेच पुढे शास्ता राहतील, असे सांगितले. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही नेतृत्व आपोआप उगवेल असे मानले नाही. १९५६ साली प्रकृती साथ देत नसतानाही त्यांनी राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईत प्रशिक्षण विद्यालय सुरू केले.

आमचा स्वतःचा एक अनुभव येथे सांगावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी आम्ही भाजे लेण्यांच्या परिसरात युवक शिबिर भरवले. पहिल्या दिवशी आचारी आमचा, वेळापत्रक आमचे आणि व्याख्यानेही आमचीच. दुपारनंतर मुले पेंगू लागली. तेव्हा दुसऱ्या दिवशी सात-सात जणांच्या तुकड्या करून प्रत्येकीला तांदूळ, डाळ व एक स्टोव्ह दिला. एका तुकडीचा भात करपला. मदतीला धावावे असे फार वाटले, पण आम्ही स्वतःला आवरले. त्या तुकडीची नायिका नववीतली मुलगी, एरवी सभेत तोंडही न उघडणारी. तिने शेजारच्या तुकडीकडून भात मागून आणला, सर्वांना वाढला आणि स्वतः शेवटी बसली. रात्रीच्या बैठकीत ती उठून म्हणाली, "चूक माझी. स्टोव्हपाशी कोणी थांबायचं, हे मी ठरवून दिलं नव्हतं." आमच्या दिवसभराच्या व्याख्यानांनी जे साधले नाही, ते त्या करपलेल्या भाताने साधले.

त्यावरून शिबिर घेणाऱ्या शाखांसाठी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. तुकडी सहा ते आठ जणांची असावी. एकाच आळीतील किंवा एकाच शाळेतील मुले एकत्र ठेवू नयेत.

२. नायकपद आळीपाळीने द्यावे. मुलींनाही ते बरोबरीने मिळावे. स्वयंपाक मुलींकडे आणि नेतृत्व मुलांकडे ही वाटणी शिबिरात तरी मोडावी.

३. काम खरे असावे. स्वयंपाक, पाणी, स्वच्छता व खर्चाचा हिशेब तुकडीने सांभाळावा.

४. रोज रात्री नायकांची बैठक व्हावी. वडीलधाऱ्यांनी तेथे आधी ऐकावे, मग बोलावे.

५. मोकळीक म्हणजे हयगय नव्हे. पाण्याची जागा, डोंगराची वाट, प्रथमोपचार आणि मुलामुलींची सुरक्षितता ही जबाबदारी आपलीच. भात करपला तर चालेल, जिवाशी खेळ चालणार नाही.

शिबिर संपले की मुले घरी परततात. तेव्हा पुढच्या जयंतीचा एखादा कार्यक्रम, विहारातील अभ्यासिका किंवा वाचनालय पूर्णपणे त्यांच्या हाती द्यावे. चुका होतील. पण आपणही चुकत-चुकतच शिकलो, हे विसरू नये. तरुणांनी पुढे यावे अशी आपली खरोखर इच्छा असेल, तर आपण दोन पावले मागे सरकायला शिकले पाहिजे. बाबासाहेबांचा रथ पुढे नेणारे हात अशानेच तयार होतील.

जय भीम! नमो बुद्धाय!