२६ तारखेचं जेवण

नाताळात तुमच्याकडे काय काय करतात, असं कुणी विचारलं की आपण सगळे २५ तारखेचं ताट सांगतो. इंद्याळ, फुगे, कोंबडी, पुलाव, केक. २६ तारखेला काय होतं ते कुणी सांगत नाही. मी सांगते. २६ला सकाळी ओटीवर पंधरा-सोळा माणसं चहाची वाट बघत बसलेली असतात, फ्रिजचं दार लागत नाही, दूध संपलेलं असतं, आणि घरची बाई पाकिटात हात घालते तेव्हा तिच्या लक्षात येतं की नव्या वर्षाला अजून सहा दिवस आहेत.

आमचं घर वसईच्या पश्चिमेला, केळीच्या वाडीतलं. वाडी आता पूर्वीच्या निम्मीही राहिली नाही, पण अंगण आहे, विहीर आहे, म्हणून नाताळात सगळे इथेच येतात. मोठे दीर मुंबईला, धाकटे मीरा रोडला, नणंद नाशिकला. मिशनच्या शाळांना २४च्या आसपास सुट्टी लागते ती नव्या वर्षापर्यंत, त्यामुळे मोठी माणसं एखाद्या दिवसात परतली तरी पोरं इथेच राहतात. २५ला दुपारी बावीस पानं, एरवी चौदा ते सोळा. माझी तक्रार नाही हं. मी हे तुमच्याशी बोलते आहे ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी.

अकरा वर्षांपूर्वीच्या नाताळात २७ तारखेच्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरात दबक्या आवाजात भांडत होतो. सिलिंडर संपला होता आणि जानेवारीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे मटणात गेले होते. आपल्याला वाटतं पोरं झोपली आहेत. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची. दुसऱ्या दिवशी तिने बिस्किटांचा डबा कपाटात लपवला आणि नणंदेच्या मुलाला सरळ विचारलं, ‘तू घरी कधी जाणार? तुझ्यामुळे आमचे पैसे संपले.’ सात वर्षांचं पोर ते. त्याने जाऊन आईला सांगितलं. नणंद काही बोलली नाही. दुपारची गाडी मिळते का बघते म्हणाली आणि निघून गेली.

लेकीला मी मारलं नाही, पण रागावले खूप. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला कळलं की ती खोटं काही बोललीच नव्हती. आम्ही जे कुजबुजलो होतो, तेच तिने मोठ्याने म्हटलं होतं.

पुढच्या वर्षीपासून आमच्या घरी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी वही निघते. मुलांसमोर. नाताळच्या जेवणाला एवढे पैसे आहेत, एवढे दिवस आहेत, एवढी माणसं येणार आहेत, आणि ती यावीत असं आपल्याला वाटतं. हे चौथं वाक्य मी मुद्दाम म्हणते. पैशाची गोष्ट मुलांपासून लपवली की ती अर्धीच त्यांच्या कानावर पडते, आणि त्या अर्ध्या गोष्टीत पाहुणा चोर ठरतो.

वहीत सगळ्यात आधी मोठी जेवणं दोनच लिहितो : २५ची दुपार आणि १ जानेवारी. बाकी सगळं साधं, आणि साधं आहे हे आधीच सांगितलेलं. पूर्वी मला वाटायचं, मुंबईहून माणसं आली आहेत, २८ तारखेला वरणभात कसा वाढायचा? एकदा धाकटी जाऊच म्हणाली, ‘ताई, तीन दिवस मटण खाऊन आमची पोटं बिघडतात, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही बोलत नाही.’ म्हणजे मी उधारी करून शिजवत होते आणि ते मला वाईट वाटू नये म्हणून खात होते!

२४ तारखेचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. त्यांच्या लहानपणी नाताळच्या आदल्या दिवशी उपवास असायचा, मांस वर्ज्य. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी उपवासाचे नियम सैल केले आणि हळूहळू २४ तारीखही सणाच्या खर्चात जमा झाली. सासूबाईंच्या घरी त्या दिवशी पेज, भाजलेला सुका बोंबील आणि कैरीचं लोणचं असायचं. खरं जेवण रात्रीच्या मिस्सेनंतर. आम्ही आता पुन्हा तेच करतो. संध्याकाळी पेज-बोंबील, मिस्सेहून आल्यावर कॉफी, केकचा एकेक तुकडा आणि कुलकुल. उपवासाचं पुण्य मिळतं की नाही ते फादर सांगतील. एक मोठं जेवण वाचतं ते मी सांगते. आणि पेज खाऊन झोपलेली पोरं दुसऱ्या दिवशी दुपारी कशी जेवतात ते बघण्यासारखं असतं.

आता २५चं. मी माणसं मोजत नाही, ताटं मोजते. दहा वर्षांखालचं मूल म्हणजे अर्धं ताट. बावीस माणसांत आठ पोरं असली की चौदा अधिक चार, अठरा ताटं झाली. दोन प्रकारचं मांस असेल तर प्रत्येकाचं ताटामागे कच्चं दीडशे ग्रॅम पुरतं, म्हणजे पावणेतीन किलो. सोबत फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, असतील तर तांदूळ बेताचाच लागतो. अठरा ताटांना सव्वा ते दीड किलो. पूर्वी मी ‘कमी पडायला नको’ म्हणून तीन किलो घालायची आणि दोन दिवस पोरांच्या मागे भाताचा डबा घेऊन फिरायची. कमी पडण्याची ही भीती आपल्याला आयांकडून मिळालेली असते. हिशेब केला की ती निम्मी होते. पूर्ण जात नाही, कबूल आहे.

बकऱ्याचं मटण आम्ही २५ला आणत नाही. एका किलोच्या पैशात कोंबडीचे जवळजवळ तीन किलो येतात. डुकराचं मटणही बकऱ्याहून स्वस्त, आणि ते मात्र मी हिशेबापेक्षा दीड किलो जास्त घेते. कारण इंद्याळ. हा पदार्थच मुळी टिकण्यासाठी जन्मलेला आहे. पोर्तुगिजांचं ‘विन्या दाल्योस’, म्हणजे द्राक्षमद्य आणि लसूण यांत मुरवलेलं मांस. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं ते वसईत होते. जाताना किल्ला आणि हे कालवण मागे ठेवून गेले. आपल्याकडे मद्याच्या जागी शिरका आला, मिरची आली, नाव इंद्याळ झालं. शिरक्यामुळे ते लवकर बिघडत नाही, उलट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. म्हणून २३ला शिजवायचं, थंड करून फ्रिजमध्ये ठेवायचं, २५ला लागेल तेवढंच काढून गरम करायचं. उरलेला टोप २६चा. सोरपोतेलचीही हीच गंमत आहे. काळीज, दिल, चरबीचे तुकडे, जे इतर कशात शोभत नाही ते त्यात जातं, आणि आज लग्नाच्या हॉलमध्ये तेच भाव खाऊन जातं.

कोंबडीला बाटली मसाला. तो एप्रिल-मेच्या उन्हात कुटून बाटल्यांत भरलेला असतो, त्यामुळे त्या खर्चाची डिसेंबरला झळ लागत नाही. रश्श्यात किलोभर बटाटे घालायला लाजू नका. आमच्याकडची पोरं कोंबडी ठेवून बटाटा आधी मागतात. फुग्यांना नारळाचं दूध आणि अंडी लागतात. अंड्यांचे भाव थंडीत चढतात, केकवालेही त्याच वेळी उचलत असतात, म्हणून केक एकच करायचा. दोन-तीन केकांचा हट्ट मी सोडला आहे. मैदा, साखर, तेल मात्र नोव्हेंबरच्या वाणसामानातच उरकून घ्यायचं.

तर २६ तारीख. आदल्या दिवशीचे फुगे इडलीपात्रात वाफवले की पुन्हा मऊ होतात, सोबत इंद्याळ. संपलं. त्या दिवशी घरातल्या बाईने नवीन काही शिजवायचं नाही, असं वहीत लिहिलेलं आहे आणि खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. दिरांचीसुद्धा.

उरलेल्या भाताबद्दल एकच सांगते, कारण आमच्याकडे एका वर्षी २६ला चार पोरं उलट्या करत होती. शिजलेला भात टोपात झाकून दुपारपासून रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवायचा नाही. त्यातले काही जंतू शिजूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात, आणि पुन्हा गरम केल्याने त्यांनी सोडलेलं विष जात नाही. जेवणं झाली की उरलेला भात परातीत पसरून निववायचा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. जागा नसेल तर गाईला.

मधल्या दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही. डाळ, भात, भाजी; एक दिवस जवळ्याची चटणी आणि भाकरी; एक दिवस पावभाजी, कारण मटार आणि फ्लॉवर तेव्हाच स्वस्त असतात. पण एक दिवस उकडहंडीचा. ही आम्हाला शेजारच्या वाडवळ काकूंनी शिकवली. वालाच्या शेंगा, रताळी, कोनफळ, कच्ची केळी, छोटी वांगी, बटाटे, सगळं मोठं मोठं चिरायचं. ओलं खोबरं, लसणाची पात, हिरवी मिरची आणि ओवा यांचं वाटण चोळायचं आणि मडक्यात थरावर थर लावायचे. पाणी नाही. तोंड बंद करून मंद आचेवर तास-दीड तास. रताळी धुणं, शेंगा निवडणं, वाटण चोळणं, सगळं पोरं करतात, आणि मडकं उघडताना जो वाफेचा भपकारा येतो त्याला अंगणात टाळ्या पडतात. पंधरा माणसं पोटभर जेवतात आणि खर्च कोंबडीच्या निम्माही होत नाही. नाशिकचा भाचा, तोच, आता अठरा वर्षांचा आहे. फोनवर तो केकबद्दल विचारत नाही, ‘हंडी कोणत्या तारखेला आहे, मामी?’ एवढंच विचारतो.

फराळाचं. आमच्याकडून अठरा घरी ताटली जाते, त्यात निम्मी घरं दिवाळीला आम्हाला फराळ पाठवणारी. एका कडकीच्या वर्षी मी घरं कमी करायला निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, घरं नको, जिन्नस कमी कर. तेव्हापासून नऊच्या ऐवजी चारच : कुलकुल, करंजी, खोबऱ्याची वडी, केकची एक फोड. काजूचं मार्झिपान फक्त घरच्यांना, तेही मोजून. कुलकुलाला मैदा, रवा, साखर, नारळाचं दूध एवढंच लागतं. खरं लागतात ते हात. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पोरांच्या हातात एकेक काटा देते आणि बसवते. काट्यावर गोळी दाबून गुंडाळायची. लहान्यांचे वाकडे होतात. वाकडेही तळायचे, आणि ताटलीत वरच ठेवायचे.

पाहुण्यांना ‘काय आणू?’ असं विचारल्यावर ‘काही नको, तुम्ही फक्त या’ असं म्हणायची आपल्याला सवय असते. मग ते चार किलो मिठाई आणतात, जी कुणी खात नाही. मी आता स्पष्ट सांगते. मोठ्या दिरांनी कोंबडी, मीरा रोडवाल्यांनी अंडी आणि दूध, नणंदेने नाशिकहून कांदे आणि भाजी. पहिल्यांदा सांगताना जीभ जड झाली होती. नणंद फोनवर दोन क्षण गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘आता कसं माहेरी आल्यासारखं वाटेल. इतकी वर्षं तू मला पाहुणी करून ठेवली होतीस.’ त्या २८ तारखेचा विषय आमच्यात आजवर निघालेला नाही. तेवढंच बोलणं पुरलं.

आणि बाबांनो, एक तुमच्यासाठी. वहीत बाटल्यांचंही पान असतं. पहिल्या वर्षी आमच्या ह्यांनी ते पान लिहू दिलं नाही, ‘तो खर्च वेगळा’ म्हणाले. लेकीने विचारलं, ‘वेगळा म्हणजे कुणाच्या पैशातून?’ दुसऱ्या वर्षी पान आलं. बेरीज केली तर दोन्ही मोठ्या जेवणांच्या मटणापेक्षा ती जास्त होती. मी एक अक्षर बोलले नाही. ह्यांनीच पेन्सिल घेतली आणि वरून तिसरी ओळ खोडली. सगळं खोडलं असं नाही. सण आहे, मलाही कळतं.

वही आता लेकीच्या ताब्यात आहे. ती एकोणीस वर्षांची आहे, कॉमर्सला आहे, ताटांचा हिशेब माझ्यापेक्षा चोख करते आणि मी गुपचूप अर्धा किलो तांदूळ वाढवला तर पकडते. गेल्या वर्षी २ जानेवारीला सगळे गेल्यावर तिने शेवटचं पान लिहिलं. शिल्लक : मैदा पाऊण किलो, साखर थोडी, इंद्याळ एक वाटी, पैसे तीनशे दहा. त्याखाली एक ओळ ओढली आणि लिहिलं, ‘येणे : मीरा रोडच्या काकीकडून आपला मोठा टोप, गेल्या नाताळापासून.’