वार्धक्यातील गिळण्याचे दौर्बल्य : व्यायाम व दक्षता

अन्नप्रवेश हे प्राणवायूचे कर्म होय. वार्धक्यात ते क्षीण झाल्यास अन्नकण श्वासमार्गात शिरून न्यूमोनिया संभवतो. कित्येकदा ठसकाही लागत नाही. म्हणून मांजर्लीसारख्या वस्तीत गृहभेटीस जाणाऱ्या वैद्याने वृद्धास जेवताना येणारा खोकला, घशातील घरघर व वजनातील घट यांविषयी अवश्य विचारावे.

रेझा शेकर यांचा १९९७ मधील व्यायाम असा : उताणे निजून, खांदे न उचलता, पायाची बोटे दिसतील इतके डोके उचलून एक मिनिट धरावे व एक मिनिट विसावा घ्यावा. असे तीनदा करून पुढे ३० वेळा डोके उचलावे. हा क्रम दिवसातून तीनदा, सहा आठवडे. अशक्तांनी क्रमाक्रमाने वाढवावा. मानेच्या मणक्यांचा विकार असता वर्ज्य.

गंडूषात मुख द्रवाने पूर्ण भरते. गिळण्याची परीक्षा केल्याविना तो योजू नये. न बोलता, न हसता, सावकाश जेवावे, हा चरकोक्त नियम येथे प्राणरक्षकच ठरतो.