संगतीचा गुण आणि दीर्घिकांचे आकार

कॉलेजात नाव घातले त्या दिवशी आप्पा म्हणाले होते, "शिक, पण संगत बघून ऱ्हा." आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आप्पा यंत्रमागावर कामाला आहेत. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही त्यांची आवडती म्हण. यंदा ग्रंथालयात खगोलशास्त्राची पुस्तके चाळताना ती मला वारंवार आठवली. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय घेतला म्हणून विज्ञानशाखेच्या मित्रांनी हसू नये, एवढी विनंती करून विषयाकडे वळतो.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांचा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला संसार. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे ती आकाशगंगा. तिचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे. देवयानी तारकासमूहात अंधुक ठिपक्यासारखी दिसणारी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. ती आपल्या आकाशगंगेबाहेरची आहे हे एडविन हबल यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखवून दिले. १९२६ साली त्यांनी दीर्घिकांची आकारावरून वर्गवारी केली. लंबगोल, भोवऱ्यासारखे बाहू असलेल्या सर्पिल, आणि ज्यांना धड आकार नाही अशा अनियमित.

हे आकार कशाने ठरतात? त्यासाठी आधी अंतरांचा अंदाज हवा. सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा मानला आणि तो सोलापुरात ठेवला, तर त्याच्या सर्वांत जवळचा तारा, म्हणजे दुसरा दाणा, कलबुर्गीच्या आसपास ठेवावा लागेल. आता माप बदलू. आपली आकाशगंगा नऊ इंचांची भाकरी मानली, तर देवयानीची भाकरी जेमतेम वीस फुटांवर येते. म्हणजे तारे एकमेकांपासून अतिशय दूर, पण दीर्घिका मात्र त्यांच्या आकारमानाच्या मानाने शेजारीशेजारीच आहेत. म्हणूनच दीर्घिकांच्या टकरी होतात. अशा टकरीत ताऱ्यावर तारा जवळजवळ कधीच आदळत नाही. वायूचे ढग मात्र एकमेकांवर आदळतात, दाबले जातात आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने सर्पिल बाहू विस्कटतात, ताऱ्यांच्या लांब शेपट्या बाहेर ओढल्या जातात. दोन मोठ्या सर्पिल दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की शेवटी बहुधा एक लंबगोल दीर्घिका उरते. आपली आकाशगंगा देवयानीला धडकणारच असे पूर्वी मानले जाई. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे येत्या १० अब्ज वर्षांत तसे घडण्याचा संभव निम्माच आहे.

शेकडो, कधी हजारो दीर्घिका एकत्र नांदतात त्याला दीर्घिकासमूह म्हणतात. समूहात दीर्घिकांमधली जागाही रिकामी नसते. तेथे कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला असतो. त्यातून सेकंदाला हजार-दीड हजार किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सर्पिल दीर्घिकेचा स्वतःचा वायू मागे उडून जातो, जशी सायकल जोरात हाणताना डोक्यावरची टोपी उडावी. वायू गेला की नवे तारे जन्मणे थांबते आणि दीर्घिका हळूहळू लालसर, निस्तेज होते. १९८० साली अ‍ॅलन ड्रेस्लर यांनी ५५ समूहांचा अभ्यास करून दाखवले की दाटी जितकी जास्त तितक्या सर्पिल दीर्घिका कमी आणि लंबगोल जास्त. मोकळ्या जागी चित्र उलटे. आप्पांची म्हण येथे अपुरी पडते. येथे गुणच काय, वाणही बदलतो.

या संशोधनात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. २०१७ साली आयुका आणि आयसर या पुण्यातील संस्थांच्या शास्त्रज्ञांनी मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षांवर, चाळीसहून अधिक समूहांचा एक महासमूह शोधला आणि त्याचे नाव 'सरस्वती' ठेवले. त्याचे वस्तुमान सुमारे दोन कोटी अब्ज सूर्यांएवढे आहे. २०२५ साली पुण्याच्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून 'अलकनंदा' ही सुडौल सर्पिल दीर्घिका शोधली. विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असतानाचे तिचे रूप आपल्याला दिसते. इतक्या लवकर इतका रेखीव आकार घडेल असे शास्त्रज्ञांना वाटले नव्हते. तिच्या प्रकाशाच्या वाटेवर एबेल २७४४ हा दीर्घिकासमूह आहे. तो भिंगासारखे काम करतो, म्हणून ती सुमारे दुप्पट तेजस्वी दिसते.

हे सारे मी एका रात्री आप्पांना भाकरीच्या आणि दाण्याच्या हिशेबाने सांगत होतो. आई मध्येच म्हणाली, "काय रं, पुस्तकावानी बोलाय लागलास की!" मी ओशाळलो. संगतीने माझी भाषा बदलली हे मला त्याआधी कळलेच नव्हते. आप्पांनी मात्र विचारले, "एवढी टक्कर झाल्यावर तारं फुटत न्हाईत?"

"न्हाईत, आप्पा. वाट बदलती. तारा त्योच ऱ्हातो."

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग टोपी घालून रातपाळीला निघाले.