भगीरथ प्रयत्न म्हणजे नेमकं काय?

आजचं वाचन : वाल्मीकी रामायण, बालकांड, सर्ग ४२ ते ४४



'भगीरथ प्रयत्न' हा शब्द आपण सर्रास वापरतो. डोंगराएवढं, आवाक्याबाहेरचं काम कोणी अंगावर घेतलं की भगीरथ प्रयत्न. निवडणुकीच्या तिकिटासाठी धडपड केली तरी भगीरथ प्रयत्नच! पण मूळ कथा वाचली की या शब्दाचं वजन कळतं.

पहिली गोष्ट, हे काम भगीरथाने स्वतःसाठी काढलेलं नव्हतं. कपिल मुनींच्या कोपाने सगर राजाचे ६०,००० पुत्र भस्म झाले होते. त्यांचा उद्धार गंगाजलानेच होणार होता. सगराला उपाय सापडला नाही. नातू अंशुमान तप करता करता गेला. त्याचा मुलगा दिलीप याच चिंतेत आजारपणाने गेला. मग भगीरथ उभा राहिला. म्हणजे हे पिढ्यान्‌पिढ्या अडलेलं काम होतं, आणि तेही दुसऱ्यांसाठी.

दुसरी गोष्ट, एका यशाने ते संपलं नाही. गोकर्णाला तप केलं, ब्रह्मदेव प्रसन्न झाले. पण गंगेचा वेग पृथ्वीला सोसणार नव्हता. म्हणून शिवाची आराधना. शिवाने गंगा मस्तकी घेतली, तर ती जटांतच अडकली. पुन्हा तप! ती सुटली, तर वाटेत जह्नु ऋषींनी पिऊन टाकली. त्यांनी सोडल्यावर रथ पुन्हा पुढे आणि गंगा मागे, थेट पाताळापर्यंत. वर मिळाला म्हणून भगीरथ घरी जाऊन बसला नाही.

आणि तिसरी गोष्ट दिलीपाची. त्याच्या नावाने कुठला शब्द रूढ झाला नाही. पण वडिलांकडून आलेला प्रश्न त्याने टाकून दिला नाही, मनात जागता ठेवला. तो विसरला असता तर भगीरथापर्यंत काय पोचलं असतं? आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला दिलीपाचंच काम येतं. कर्ज फिटत नाही, घरातलं आजारपण हटत नाही, संस्था उभी राहत नाही. तेव्हा हात टेकण्याआधी दिलीप आठवावा.

आजचा विचार : काम आपल्या हातून पुरं होईलच असं नाही; ते आपल्यापाशी येऊन विसरलं जाऊ नये, एवढं नक्की आपल्या हातात आहे.

हर हर गंगे!