जंतांचे नाते आणि गावाचे आरोग्य

उत्तर कर्नाटकात व दक्षिण महाराष्ट्रात हेळवी गावोगाव फिरून घराण्याची वंशावळ वाचून दाखवीत आले आहेत. दूरच्या दोन गावांतील कुटुंबे एकाच मूळ पुरुषाची आहेत, हे त्यांच्या वहीवरून कळते. परोपजीवी जंतांचे नातेही आता अशाच एका वहीवरून ओळखता येते. ती वही म्हणजे जंतांची जनुके होत.

नारूचे उदाहरण घेऊ. हा रोग गोलकृमीमुळे होतो. कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत तो पूर्वी होता. पाण्यातील सायक्लॉप्स या बारीक जीवात नारूच्या अळ्या असतात. असे पाणी प्यायल्यावर सुमारे एका वर्षाने ६० ते १०० सेंटीमीटर लांबीची मादी बहुधा पायातून बाहेर येते. या रोगावर लस नाही. पायऱ्यांच्या विहिरींत उतरणे बंद करून व पाणी गाळून पिऊन आपण त्याचा नायनाट केला. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला व २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला.

नारू केवळ माणसातच टिकतो, असे दीर्घकाळ मानले जात होते. परंतु २०१२ पासून आफ्रिकेतील चाड देशात कुत्र्यांमध्ये तसेच जंत सापडू लागले. हे जंत निराळ्या जातीचे असते, तर माणसाला भीती नव्हती. जनुके तपासली असता कुत्र्यांतील व माणसांतील जंत एकाच जातीचे ठरले. म्हणून तेथे बाधित कुत्री बांधून ठेवणे व माशांची आतडी पुरणे ही कामे मोहिमेत आली. २०२४ साली जगात केवळ १५ माणसांना नारू झाला. तथापि जनावरांतील बाधा अद्याप संपलेली नाही.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. तेथील कांगारूंच्या आतड्यातील एक गोलकृमी दिसण्यावरून एकाच जातीचा वाटे. आनुवंशिक तपासणीत त्याच्या अनेक जाती निघाल्या. तात्पर्य, बाह्य रूपावरून जंतांचे नाते ठरत नाही.

अळणावरसारख्या रानालगतच्या गावांनी यातून बोध घ्यावा. कुत्र्यातील एक अंकुशकृमी माणसाच्या आतड्यातही वाढतो, हे दक्षिण भारतात जनुकांवरूनच दिसून आले आहे. म्हणून पाळीव कुत्र्यांना पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळोवेळी जंताचे औषध द्यावे, मातीत अनवाणी फिरू नये व उघड्यावर शौचास बसू नये. शिक्षकांनी ओढ्याचे पाणी काचेच्या भांड्यात घेऊन भिंगातून त्यातील जीव मुलांना दाखवावेत. कोणाच्या पायातून जंत बाहेर पडत असल्याचे दिसल्यास त्या व्यक्तीने तळ्यात वा विहिरीत उतरू नये आणि आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे. कुत्र्याचा जंत कुत्र्याचाच, असे समजून निर्धास्त राहणे गावाच्या हिताचे नाही.