आधी वही, मग बोअर

आमच्या निपाणी-बेळगावकडे गरम पाण्याचा झरा नाही. त्यासाठी राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा आणि राजापूरजवळचं उन्हाळे गाठायचं. विज्ञान शिकवता शिकवता मला या झऱ्यांचा नाद लागला. पालघरच्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत सुमारे ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात ते विखुरलेत. राजापूरचं पाणी ४० अंशांच्या थोडं वर, तुरळचं ६० च्या आसपास, उन्हवरेचं ७० च्या घरात. या उष्णतेवर वीज काढायचा विषय अधूनमधून निघतो. तिथली जमीन मोजताना जे उमगलं, ते असं.

१. बोअर मारायच्या आधीपासून नोंद ठेवा.
कोकणात अजून भू-औष्णिक वीजकेंद्र नाही, हीच संधी. न्यूझीलंडमधल्या वैराकेईला १९५८ मध्ये वीज सुरू झाली. पुढे तिथले उसळते फवारे आटले आणि काही जागी जमीन १४ मीटरच्या आसपास खचली. ‘केंद्रामुळे झालं’ की ‘आधीपासूनच होतं’, हा वाद जुने आकडे हाताशी असले तरच मिटतो.

२. उष्णता वरवर मोजू नका.
दुपारी जांभ्यावर पाय ठरत नाही, ती करामत उन्हाची. दिवस-रात्रीचा चढउतार साधारण अर्ध्या-पाऊण मीटरात विरतो. ऋतूंचा मात्र कित्येक मीटर खाली पोचतो. पहारीने मीटरभर भोक पाडा, तापमापकाचा दांडा आत सोडा, तोंड मातीने बुजवा आणि आकडा ठरेपर्यंत थांबा. तुलना करायची ती या मार्चची मागच्या मार्चशी.

३. माती स्वतःही श्वास सोडते.
कार्बन डायऑक्साइड मोजायची रीत सोपी आहे. जमिनीवर डबा पालथा, घट्ट बसवायचा आणि आत वायू किती वेगाने साठतो ते पाहायचं. पण मुळं आणि जिवाणूही हाच वायू सोडतात. वळवाची सर आली किंवा शेणखत पडलं की आकडा चढलाच! म्हणून झऱ्यापासून लांबचा, तशाच मातीचा आणि पिकाचा एक तुकडा जोडीला मोजा. निपाणीच्या काळ्या रानाचा आकडा राजापूरच्या जांभ्याला लावून चालत नाही.

४. एका वायूवर निकाल देऊ नका.
कोकणातल्या कुंडांच्या बुडबुड्यांत मुख्यतः नायट्रोजन असतो, सोबत थोडा हेलियम. हेलियम जिवाणू करत नाहीत. खडकातल्या युरेनियम-थोरियमच्या क्षयातून तो तयार होतो आणि भेगांवाटे वर येतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपात जमिनीला पडलेल्या भेगेवर, मातीतल्या हवेत हेलियम विलक्षण जास्त सापडला होता. खालची वाट शोधायची तर याच्याच मागे जावं.

५. शेजारी आहे म्हणून दोषी ठरवू नका.
कॅलिफोर्नियातल्या मॅमथ डोंगरावर १९८९ च्या भूकंपमालिकेनंतर झाडं उभ्या उभ्या वाळली. मुळांपाशी कार्बन डायऑक्साइड कोंडला होता. काही किलोमीटरवर कासा डियाब्लोचं भू-औष्णिक केंद्र. बोट तिकडे वळायला वेळ लागत नाही. पण त्या वायूत सजीवांकडून येणारा कार्बन-१४ जवळपास नव्हता. तो आला होता खोलवरच्या शिलारसातून.

६. खोलगट जागी एकट्याने उतरू नका.
कार्बन डायऑक्साइडला वास नाही, आणि हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी साचतो. जुन्या विहिरीचा गाळ काढायला उतरलेली माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा. पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे धोका टळला, असं समजू नये. एक माणूस कायम काठावर हवा.

७. कुंडावरच्या बायकांना विचारा.
एका कुंडावर धुणं धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, “पावसात पाणी सोसवतं, शिमग्याला चटका बसतो.” पावसाचं थंड पाणी झऱ्यात मिसळतं, हे त्यांच्या हातांना आधीच ठाऊक होतं. असं बोलणं तारखेसकट टिपून घ्या आणि मग तापमापकाने पडताळा.

८. वही दुसऱ्याला वाचता आली पाहिजे.
जागा, खोली, वेळ, शेवटचा पाऊस कधी पडला, कोणतं यंत्र वापरलं, सगळं लिहा. जागेवर दगड रोवून खूण करा. उद्या केंद्र झालंच तर ते कित्येक वर्षं चालेल. मोजणारा बदलेल, मोजायची जागा बदलता कामा नये.